वेडा कोणी ठरवायचा? – फॅसिस्ट इटलीतील मनोरुग्णालयांचा धडा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



फॅसिझमवरील ह्या अभ्यासवर्गातले शेवटचे व्याख्यान माझ्या वाट्याला आले आहे. काळ्या डगलेवाल्यांची टोळधाड, १९२४ साली झालेला समाजवादी खासदार मात्तेओत्ती यांचा खून, १९२६ चे खास कायदे आणि खास न्यायालय, ग्राम्शी यांचा तुरुंगवास हे सारे आधीच्या वक्त्यांनी आपल्यापुढे मांडले आहे. मी आज आपल्याला तुरुंगाच्या शेजारच्या एका इमारतीत नेणार आहे. तिच्याकडे इतिहासकारांचे लक्ष फार उशिरा गेले, आणि राजकीय कार्यकर्त्यांचे तर त्याहूनही कमी गेले. ती इमारत म्हणजे वेड्यांचे इस्पितळ.

इतक्या दूरच्या आणि इतक्या आडबाजूच्या विषयाचे आपल्याला काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या तालुक्याच्या कचेरीत आहे. तेथे एखादा गृहस्थ आपण सर्वांनी पाहिलेला असतो. बगलेत कागदांची पिशवी, पायांत झिजलेल्या वहाणा, आणि वीस वर्षे एकाच जमिनीच्या तुकड्यासाठी चाललेले अर्ज. तो आला की कारकून एकमेकांकडे पाहून हसतात आणि म्हणतात, ‘आला वेडा!’ आपणही कधी त्या हसण्यात सामील झालेलो असतो. त्याचा अर्ज खरा की खोटा, हा प्रश्न त्या एका शब्दाने निकालात निघतो. मी जो इतिहास सांगणार आहे तो ह्या एका शब्दाच्या सामर्थ्याचा इतिहास आहे.

तयार सापडलेले हत्यार

प्रथमच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मुसोलिनीने विरोधकांना वेडे ठरवण्यासाठी नवा कायदा केला, असे आपल्याला वाटेल. तसे घडले नाही. तसा कायदा त्याला आयता मिळाला होता. फेब्रुवारी १९०४ मध्ये, जोलित्ती यांच्या उदारमतवादी मंत्रिमंडळाच्या काळात, इटलीच्या संसदेने वेड्यांच्या इस्पितळांविषयीचा कायदा संमत केला. त्यामागील हेतू वाईट नव्हता. त्यापूर्वी ह्या इस्पितळांचा कारभार जो तो आपल्या मर्जीप्रमाणे करी. त्याला काही शिस्त लावावी, असा तो प्रयत्न होता.

परंतु ह्या कायद्याची कसोटी कोणती होती, ते पाहा. मानसिक आजार झालेला माणूस स्वतःला वा इतरांना धोकादायक असेल, किंवा त्याच्यामुळे समाजात लज्जास्पद प्रकार घडत असेल, तर त्याला कोंडावे, असे कायदा सांगत होता. तो बरा व्हावा, ही कसोटीच नव्हती. निकड असेल तेव्हा डॉक्टरच्या दाखल्यावर पोलीस अधिकारी माणसाला इस्पितळात पाठवू शके. मग महिनाभर निरीक्षण चाले, आणि त्यानंतर न्यायालयाच्या हुकुमाने तो कायमचा आत राही. धोका म्हणजे काय? लज्जास्पद प्रकार कोणता? आणि हे ठरवणार कोण? ह्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे कायद्याने अधिकाऱ्यांवर सोडली होती.

लोकशाहीच्या काळात असा सैल शब्द कायद्यात राहिला, तरी त्याचे भय आपल्याला जाणवत नाही. कारण अधिकारी माणूस बरा असतो, वर्तमानपत्रे असतात, विधिमंडळात प्रश्न विचारता येतात. १९२६ नंतर इटलीत ह्यांपैकी काहीही उरले नाही. कायद्याचा शब्द मात्र तोच राहिला, आणि त्याचा अर्थ पोलीस ठाण्यात ठरू लागला. सरकारने धोकादायक मानलेल्या नागरिकांच्या नोंदींचे एक मध्यवर्ती दफ्तर इटलीत १८९४ पासून होते. फॅसिस्ट राजवटीत ते प्रचंड वाढले. राजकीय दफ्तरातला ‘धोकादायक’ आणि इस्पितळाच्या कायद्यातला ‘धोकादायक’ हे दोन शब्द आता एकमेकांच्या शेजारी येऊन बसले. १९३० च्या नव्या दंडसंहितेने आणखी एक भर घातली. वेडसरपणामुळे शिक्षेतून सुटलेल्या, परंतु धोकादायक मानलेल्या आरोपीला न्यायिक मनोरुग्णालयात किमान दोन, पाच किंवा दहा वर्षे ठेवण्याची तरतूद तिने केली. त्याच काळात आलेल्या फौजदारी कार्यपद्धतीने तर मनोरुग्णालयात कायम दाखल झालेल्यांची नावेही गुन्हेगारांच्या नोंदवहीत चढवली. आजारी पडणे हा एक प्रकारचा गुन्हाच झाला.

मात्तेओ पेत्राच्ची ह्या इतिहासकाराने २०१४ साली ह्या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. पोलिसांच्या त्या मध्यवर्ती दफ्तरातून त्याने मनोरुग्णालयांत गेलेल्या फॅसिस्टविरोधकांचा मागोवा घेतला. अशी चारशेहून अधिक माणसे त्याला सापडली. त्यांतील काही खरोखर आजारी होती. काही छळामुळे, एकांतवासामुळे आजारी झाली. आणि काहींचा आजार एवढाच होता, की ती गप्प बसत नव्हती. ह्या तिहींच्या सीमारेषा आज नेमक्या सांगता येत नाहीत, आणि हीच त्या पद्धतीची खरी क्रूरता आहे. एकदा कागदावर निदान उमटले, की माणसाचे शहाणपण सिद्ध करण्याचा मार्गच उरत नाही. तो ओरडला तर तो प्रक्षोभ ठरतो. गप्प राहिला तर उदासीनता. आपल्यावर अन्याय झाला म्हणाला तर भ्रम!

मोलिनेल्लाचा सहकारी कार्यकर्ता

आता एका माणसाची गोष्ट सांगतो. ह्या सभागृहात बसलेल्या सहकारी चळवळीतील आणि शेतमजुरांच्या संघटनेतील मंडळींना ती आपल्या घरची वाटेल.

बोलोन्या शहराजवळ मोलिनेल्ला नावाचे गाव आहे. भोवती भातशेती. चिखलात वाकून निंदणी करणाऱ्या बायका आणि रोजंदारीवर जगणारे भूमिहीन मजूर, अशी तेथील वस्ती. ह्या गावात १८६७ साली जन्मलेल्या जुझेप्पे मास्सारेंती यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मजुरांची संघटना बांधायला सुरुवात केली. ग्राहकांची सहकारी संस्था काढली, सहकारी शेती उभी केली, संप लढवले. पुढे ते गावाचे नगराध्यक्ष झाले. जमीनदारांना ते किती डाचत असतील, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. १९२१ मध्ये फॅसिस्ट टोळ्यांनी त्यांना गावातून हुसकावले. मोलिनेल्लाचे मजूर मात्र त्यानंतरही कित्येक वर्षे वाकले नाहीत. अखेर १९२६ मध्ये समाजवादी कुटुंबांना घरांतून बाहेर काढण्यापर्यंत मजल गेली.

मास्सारेंती यांना त्याच सुमारास हद्दपारीची शिक्षा झाली. फॅसिस्ट राजवट विरोधकांना लहान लहान बेटांवर आणि दुर्गम गावांत नेऊन टाकी. काही वर्षे तेथे काढल्यावर ते रोममध्ये आले. म्हातारपण, दारिद्र्य, पाठीमागे पोलिसांचा पहारा. आणि १९३७ साली, वयाच्या सत्तराव्या वर्षी, त्यांना रोमच्या मनोरुग्णालयात नेण्यात आले. निदान लिहिले गेले ते संशयविकाराच्या जातीचे. तेथे त्यांनी सुमारे सात वर्षे काढली.

ज्या माणसाला गावातून हाकलले, ज्याच्या संस्था लुटल्या, ज्याला बेटावर टाकले आणि ज्याच्यामागे पोलीस लावले, त्याने ‘लोक माझ्या पाठीस लागले आहेत’ असे म्हणावे, आणि डॉक्टराने त्याला संशयविकार म्हणावे! राजवटीने केलेला छळ अशा रीतीने रोग्याच्या मेंदूत उत्पन्न झालेली कल्पना ठरला. पोलिसांनी हात झटकले.

आपल्यापैकी ज्येष्ठ साथी आणीबाणीत मिसाखाली तुरुंगात होते. त्या तुरुंगवासाचे दुःख मी कमी लेखत नाही. परंतु तेथे अटकेचा हुकूम होता, बराकीत सोबती होते, आणि मुख्य म्हणजे सरकारने आपल्याला विरोधक म्हणून तरी मान्य केले होते. तुरुंगातला माणूस हुतात्मा होऊ शकतो. त्याच्या सुटकेसाठी सभा भरते, त्याचे छायाचित्र लागते. मनोरुग्णालयात गेलेल्या माणसाला हा मानही मिळत नाही. त्याने लिहिलेले पत्र दफ्तरात आजाराचा पुरावा म्हणून लावले जाते, आणि त्याचे सहकारीदेखील दबक्या आवाजात विचारू लागतात, ‘खरेच काही बिघडले होते का हो त्यांचे?’ हुकूमशहाला आणखी काय हवे असते?

मास्सारेंती जिवंत बाहेर आले. १९५० मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या मुलखाशी महाराष्ट्राचे एक नाते आहे, ते येथे नमूद करतो. बोलोन्याच्या पूर्वेस सेनियो नदीच्या काठी ९ एप्रिल १९४५ रोजी मराठा पलटणीतील नामदेव जाधव यांनी आपल्या जखमी सोबत्यांना शत्रूच्या माऱ्यातून ओढून आणले आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते सैन्य वसाहतवादी सरकारचे होते, हे खरेच; परंतु एमिलियातील शेतमजुरांच्या मानेवरचे फॅसिझमचे जोखड उतरवण्यात मराठी शेतकऱ्यांच्या मुलांचेही रक्त सांडले आहे.

हुकूमशहाचे घरगुती गुपित

दुसरी कहाणी एका स्त्रीची. मुसोलिनी एके काळी समाजवादी पक्षाच्या मुखपत्राचा संपादक होता, आणि १९१४ मध्ये युद्धाचा पुरस्कार केल्यामुळे पक्षाने त्याला काढून टाकले, हे आपल्याला माहीत आहे. त्या काळात इडा दालसेर ह्या स्त्रीशी त्याचे संबंध होते. मिलानमध्ये तिचे सौंदर्यप्रसाधनाचे दुकान होते. नोव्हेंबर १९१५ मध्ये तिला मुलगा झाला, आणि मुसोलिनीने तो आपला असल्याचे कायदेशीर रीत्या मान्यही केले. आपले त्याच्याशी लग्न झाले होते, असे ती अखेरपर्यंत सांगत राहिली. त्या लग्नाचा निर्णायक कागद आज उपलब्ध नाही. मुलाच्या पितृत्वाची नोंद मात्र आहे.

मुसोलिनी सत्तेवर आला, आणि ही स्त्री व तिचे सांगणे राजवटीला अडचणीचे झाले. १९२६ मध्ये तिला ट्रेंटोजवळच्या पेर्जिने येथील मनोरुग्णालयात कोंडण्यात आले. तेथून तिने पळण्याचा प्रयत्न केला. पुढे तिला व्हेनिसजवळच्या सान क्लेमेंते बेटावरील स्त्रियांच्या मनोरुग्णालयात हलवले, आणि डिसेंबर १९३७ मध्ये ती तेथेच वारली. तिचा मुलगा बेनितो आल्बिनो हादेखील मिलानजवळच्या मोम्बेल्लो मनोरुग्णालयात १९४२ च्या ऑगस्टमध्ये मरण पावला. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. वडिलांचे नाव उच्चारणे हाच त्याचा रोग ठरला. २००९ मध्ये बेल्लोक्क्यो ह्या दिग्दर्शकाने ह्या प्रकरणावर चित्रपट काढला, तेव्हा कुठे जगाला त्याची माहिती झाली.

आता ह्याच गोष्टीची दुसरी बाजूही पाहा, नाहीतर आपण सोयीचा निष्कर्ष काढू. एप्रिल १९२६ मध्ये व्हायोलेट गिब्सन ह्या आयरिश स्त्रीने रोममध्ये मुसोलिनीवर गोळी झाडली. गोळी त्याच्या नाकाला चाटून गेली. ती पूर्वीपासून मनाने आजारी होती, हे खरे. खटला न चालवता इटलीने १९२७ मध्ये तिला ब्रिटनला पाठवले, आणि तेथे नॉर्थॅम्प्टनच्या इस्पितळात तिला ठेवण्यात आले. मुसोलिनीचा शेवट १९४५ मध्ये झाला. गिब्सन मात्र त्यानंतरही कोंडलेलीच राहिली, आणि १९५६ मध्ये तेथेच वारली. ब्रिटनमध्ये हुकूमशाही नव्हती! कुलूप लावणारी सत्ता गेली तरी कुलूप आपोआप उघडत नाही, हे ह्यावरून ध्यानात येईल.

गरिबांचे आणि स्त्रियांचे कोठार

ह्या प्रसिद्ध प्रकरणांनी आपली दिशाभूल होऊ नये. मनोरुग्णालयांतील बहुसंख्य माणसे राजकीय विरोधक नव्हती. ती गरीब होती. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या मध्यास इटलीच्या मनोरुग्णालयांत सुमारे साठ हजार माणसे होती. १९४१ पर्यंत ही संख्या नव्वद हजारांच्या वर गेली. पंधरा वर्षांत इटालियन लोक एवढे वेडे झाले, असे कोणी म्हणणार नाही. ज्या राजवटीला रस्त्यावर भिकारी, दारुडे, मिरगीचे रोगी, निराधार म्हातारे दिसायला नको होते, तिने त्यांना भिंतीआड नेऊन ठेवले, असेच म्हणावे लागते.

ह्यांत स्त्रियांची कहाणी वेगळी आहे. मे १९२७ मध्ये मुसोलिनीने लोकसंख्यावाढीची मोहीम जाहीर केली. राष्ट्राला सैनिक हवेत, म्हणून स्त्रीने मुले द्यावीत. अविवाहित पुरुषांवर तर करच बसवला. अशा वेळी जी स्त्री मूल नको म्हणते, बाळंतपणानंतर खिन्न होते, नवऱ्याला उलट बोलते, घराबाहेर हिंडते, ती केवळ वाईट पत्नी राहत नाही. ती राष्ट्राच्या कामात खोळंबा करणारी ठरते. तेरामो येथील जुन्या मनोरुग्णालयाच्या दफ्तरांचा अभ्यास आन्नाकार्ला व्हालेरियानो ह्या संशोधिकेने केला आहे. बडबडी, अस्थिर, हट्टी, निर्लज्ज अशी विशेषणे त्या काळच्या स्त्रियांच्या कागदांत आजाराची लक्षणे म्हणून आढळतात. ही विशेषणे आपल्या घरांतूनही ऐकू येतात, हे आपल्या भगिनींना सांगायला नको.

विजेचा झटका

आत गेल्यावर काय होई? बहुतेकांच्या वाट्याला उपचार असा येतच नसे. पट्ट्यांनी पलंगाला बांधणे, हात आवळून टाकणारा सदरा, एकांताची खोली, आणि ज्यांना काम झेपेल त्यांना धुणे, स्वयंपाक, शेती यांत विनावेतन राबवणे. ह्याच काळात मनोविकारांवर शारीरिक उपचार शोधण्याची लाट युरोपात आली होती. व्हिएन्नात १९१७ मध्ये वाग्नर-यौरेग यांनी उपदंशाने मेंदू बिघडलेल्या रोग्यांना मुद्दाम हिवताप देऊन पाहिला. त्याबद्दल त्यांना १९२७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९३३ च्या सुमारास झाकेल यांनी इन्सुलिन टोचून रोग्याला बेशुद्ध करण्याची पद्धत काढली. १९३४ मध्ये बुडापेस्टच्या मेदुना यांनी औषधाने आकडी आणून छिन्नमनस्कतेवर इलाज करण्याचा प्रयत्न केला. १९३५ मध्ये, सालाझारच्या हुकूमशाहीखालील पोर्तुगालात, एगास मोनिझ यांनी मेंदूच्या पुढल्या भागातील तंतू छेदण्याची शस्त्रक्रिया सुरू केली, आणि १९४९ मध्ये त्यांनाही नोबेल मिळाले. इटलीत वारेझे येथे फियाम्बेर्ती यांनी १९३७ मध्ये तीच शस्त्रक्रिया डोळ्याच्या खोबणीतून करण्याची रीत काढली.

आणि १९३८ च्या एप्रिलमध्ये रोमच्या विद्यापीठाच्या दवाखान्यात उगो चेर्लेत्ती व लुचिओ बिनी यांनी माणसाला पहिला विजेचा झटका दिला. त्याची पूर्वकथा प्रसिद्ध आहे. औषधाने आणलेल्या आकडीपूर्वी रोग्याला जिवाच्या आकांताची भीती वाटे. म्हणून विजेने आकडी आणता येईल का, असा चेर्लेत्ती यांचा विचार चालला होता. परंतु विजेने माणूस मरेल, ही धास्ती होती. रोमच्या कत्तलखान्यात डुकरांना मारण्यापूर्वी विजेचा चिमटा लावतात, असे त्यांना कळले. तेथे जाऊन त्यांनी पाहिले, की डुक्कर विजेने मरत नाही, त्याला आकडी येते आणि तो बेशुद्ध होतो. मरतो तो सुरीने. मग किती वीज सोसते, ह्याचे प्रयोग त्यांनी तेथेच केले.

पहिला माणूस कोण होता? रोमच्या मुख्य रेल्वे स्थानकावर तिकिटाविना भटकताना पोलिसांना सापडलेला एक इसम. त्याचे बोलणे असंबद्ध होते. पोलिसांनी त्याला निरीक्षणासाठी पाठवले, आणि त्याच्यावर प्रयोग झाला. पहिला झटका अपुरा पडला. दुसरा देण्याची चर्चा चालली असता त्याने स्पष्ट शब्दांत विरोध केला, असे चेर्लेत्ती यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. त्या विरोधाकडे लक्ष न देता दुसरा झटका देण्यात आला. काही झटक्यांनंतर तो सुधारून घरी गेला. पुढे त्याचा आजार पुन्हा उलटला.

येथे मी न्यायाने बोलले पाहिजे. चेर्लेत्ती हे छळछावणीचे डॉक्टर नव्हते. रोग्याला बरे करावे, ही त्यांची इच्छा खरी होती. आज भूल देऊन, स्नायू सैल करणारे औषध देऊन आणि संमतीने दिलेला हा उपचार तीव्र नैराश्यात जीव वाचवतो, हे वैद्यकशास्त्र मान्य करते. म्हणून ‘विजेचा झटका म्हणजे फॅसिझम’ असे पत्रकी घोषवाक्य आपण करू नये. दोष त्या यंत्रापेक्षा त्याच्या भोवतालच्या व्यवस्थेत शोधला पाहिजे. ज्याच्यामागे कोणी विचारणारे नाही असा माणूस, त्याला पकडून आणणारे पोलीस, आणि त्याने ‘नको’ म्हटले तरी त्या शब्दाला किंमत नाही, अशी ती व्यवस्था होती. तेथून ही पद्धत मनोरुग्णालयांत पसरली. सुरुवातीची कित्येक वर्षे ती भूल न देता वापरली जाई. आकडीच्या जोराने हाडे मोडत. शिस्त बिघडवणाऱ्यास ‘झटका देऊ’ अशी धमकी मिळू लागली, की उपचार आणि शिक्षा यांतला भेद संपतो. हे लोकशाही देशांतही घडले आहे.

१९३८ ह्याच वर्षी इटलीने ज्यूविरोधी वंशकायदे केले, आणि मनोरुग्णालयांच्या भिंतींनी कोणाचेही रक्षण केले नाही. मे १९४० मध्ये हिटलर-मुसोलिनी यांच्या कराराचा भाग म्हणून पेर्जिनेच्या मनोरुग्णालयातून २९९ जर्मनभाषक रोगी आगगाडीने जर्मनीतील त्स्विफाल्टन येथे पाठवण्यात आले. मनोरुग्णांच्या सामुदायिक हत्येचा नाझी कार्यक्रम तेव्हा तेथे चालू होता, आणि त्स्विफाल्टन हे त्या वाटेवरचे ठाणे होते. पेर्जिनेच्या रोग्यांपैकी पुष्कळ जण पुढे उपासमारीने आणि हेळसांडीने मेले. १९४४ च्या ऑक्टोबरात व्हेनिसच्या मनोरुग्णालयांतून ज्यू रोग्यांना उचलून नेण्यात आले. ज्या सान क्लेमेंतेत इडा दालसेर मेली, तेच हे ठिकाण.

कुलूप उघडायला तेहेतीस वर्षे

१९४५ मध्ये फॅसिझम कोसळला. प्रजासत्ताक आले, उत्तम राज्यघटना आली, कामगारांचे मोठे पक्ष संसदेत बसले. आणि १९०४ चा कायदा? तो तसाच राहिला. गुन्हेगारांच्या नोंदवहीत रोग्यांची नावे चढवण्याची पद्धत १९६८ पर्यंत चालू होती. प्रतिकार चळवळीतून आलेल्या पक्षांनाही ह्या भिंतींकडे पाहायला सवड झाली नाही. ही गोष्ट आपण स्वतःला टोचून घेतली पाहिजे.

कुलूप उघडले ते फ्रांको बासाल्या ह्या डॉक्टरांनी. त्यांचा जन्म १९२४ चा. विद्यार्थिदशेत ते फॅसिस्टविरोधी चळवळीत होते, आणि १९४४ च्या अखेरीस त्यांना व्हेनिसच्या तुरुंगात टाकण्यात आले. १९६१ मध्ये गोरित्सिया येथील मनोरुग्णालयाचे प्रमुख म्हणून ते रुजू झाले, तेव्हा तेथील वासाने त्यांना आपल्या कोठडीची आठवण झाली. तुरुंग पाहिलेला माणूसच तुरुंग ओळखू शकतो! त्यांनी बांधणे बंद केले, दारे उघडली, आणि रोगी, परिचारक व डॉक्टर यांची रोज एकत्र सभा भरवली. तीत कोणीही उठून बोलावे. १९६८ मध्ये रजेवर घरी गेलेल्या एका रोग्याने पत्नीचा खून केला आणि बासाल्यांवर खटला झाला. त्यातून ते निर्दोष सुटले. प्रयोग निर्धोक नव्हता, आणि तसा दावा त्यांनी केलाही नाही.

१९७१ मध्ये ते त्रिएस्तेला गेले. तेथे सुमारे १२०० रोगी होते. त्यांतील अनेक जण वर्षानुवर्षे धुणीभांडी आणि झाडलोट करीत. ह्या राबणुकीला ‘कामाद्वारे उपचार’ असे गोंडस नाव होते आणि मोबदला म्हणून सिगारेटी मिळत. १९७२-७३ मध्ये तेथे रोग्यांची सहकारी संस्था स्थापन झाली. आता तेच काम ठरलेल्या मजुरीवर, करार करून, सभासद म्हणून ते करू लागले. मास्सारेंतींचे स्मरण येथे झाल्याशिवाय राहत नाही. १९३७ मध्ये ज्या दारातून सहकाराचा कार्यकर्ता वेडा म्हणून आत गेला, त्याच जातीच्या दारातून पस्तीस वर्षांनी वेडे म्हटलेली माणसे सहकारी संस्थेचे सभासद म्हणून बाहेर आली.

त्या मनोरुग्णालयात धुण्याची गाडी ओढणारा मार्को नावाचा म्हातारा घोडा होता. त्याला कत्तलखान्यात पाठवायचे ठरले, तेव्हा रोग्यांनी घोड्याच्याच नावे प्रांतिक सरकारला अर्ज लिहिला आणि त्याचा जीव वाचवला. १९७३ मध्ये त्यांनी कागदाच्या लगद्याचा प्रचंड निळा घोडा तयार केला आणि त्याची मिरवणूक शहरातून काढली. घोडा इतका उंच होता, की तो दारातून मावेना. मग दारच फोडावे लागले. कत्तलखान्यातील डुकरांपासून सुरू झालेली कहाणी ह्या निळ्या घोड्याशी आणून थांबवावी, असा मोह होतो.

परंतु राजकीय कार्यकर्त्याने मिरवणुकीपाशी थांबून चालत नाही. कायदा बदलला तो १३ मे १९७८ रोजी. आल्दो मोरो यांचा मृतदेह सापडल्याला चारच दिवस झाले होते. देश भीतीने गोठलेला असताना इटलीच्या संसदेने नवी मनोरुग्णालये बांधण्यास आणि जुन्यांत नवे रोगी घेण्यास बंदी घातली. जुने कायद्यावर सार्वमत घ्यावे लागू नये, ही घाईही त्यामागे होती. त्या वेळी सार्वजनिक मनोरुग्णालयांत पाऊण लाखाहून अधिक माणसे होती. अखेरची जुनी मनोरुग्णालये बंद व्हायला त्या शतकाची अखेर उजाडली, आणि १९३० च्या दंडसंहितेतील न्यायिक मनोरुग्णालये तर २०१५ ते २०१७ च्या दरम्यान बंद झाली. जेथे वस्तीतले दवाखाने आणि घरे वेळेवर उभी राहिली नाहीत, तेथे सारा भार कुटुंबांवर, म्हणजे बायकांवर पडला. बासाल्या स्वतः १९८० मध्येच वारले. पुढचे काम त्यांच्या पत्नी फ्रांका ओंगारो यांनी संसदेत राहून नेटाने केले.

आपल्या पक्षातील आरसा

हे सारे उजव्या हुकूमशाहीचे पाप, असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. समाजवादाचे नाव घेणाऱ्या सोव्हिएत राजवटीनेही हेच केले. जनरल ग्रिगोरेंको यांच्यासारख्या युद्धात लढलेल्या माणसाला वेडे ठरवून कोंडले. ‘मंदगती छिन्नमनस्कता’ असे एक निदान तेथे प्रचारात होते, ज्यात सुधारणेचा ध्यासही लक्षण ठरू शके. जगातील मनोविकारतज्ज्ञांनी निषेध केला, आणि १९८३ मध्ये सोव्हिएत संघटना जागतिक संघटनेतून बाहेर पडली. १९८९ मध्ये चुकांची कबुली दिल्यावर तिला परत घेतले. जेथे पक्ष स्वतःला इतिहासाचा शहाणपणा समजतो, तेथे मतभेद हा वेडेपणा ठरतो. हा धोका आपल्यालाही आहे.

आणि आपला देश? १९१२ चा वसाहतकालीन वेडेपणाचा कायदा स्वातंत्र्यानंतरही दशकानुदशके आपल्याकडे चालू होता. त्यानुसार भटकणाऱ्या माणसाला पोलीस पकडून दंडाधिकाऱ्यापुढे उभा करू शकत. त्याची जागा घेणारा १९८७ चा कायदा प्रत्यक्ष अमलात आला तो १९९३ मध्ये. ऑगस्ट २००१ मध्ये तामिळनाडूत एरवाडी येथे साखळदंडांनी बांधलेली २८ माणसे आगीत जळून मेली, कारण त्यांना पळता येत नव्हते. अखेर २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आला आणि २०१८ मध्ये लागू झाला. भूल दिल्याविना विजेचे झटके देण्यास आणि रोग्याला साखळीने बांधण्यास त्याने बंदी केली. पुनर्विलोकन मंडळे आणि मोफत कायदेशीर मदत यांची तरतूद केली. आणि एक वाक्य असे घातले, की जे १९३७ मध्ये इटलीच्या कायद्यात असते तर मास्सारेंती घरी राहिले असते : एखाद्याची राजकीय मते किंवा समाजाच्या रूढ मूल्यांशी त्याचे न जुळणे, ह्यावरून त्याला मानसिक आजार आहे असे ठरवता येणार नाही.

कायदा चांगला आहे. परंतु आपण आत्ताच पाहिले, की कायद्याचा शब्द आणि इस्पितळाचे दार यांच्यामध्ये माणसे उभी असतात. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे आपल्या राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. बरे होऊनही ज्यांना न्यायला कोणी येत नाही, असे किती जण तेथे आहेत, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारले आहे? पुनर्विलोकन मंडळ आपल्या जिल्ह्यासाठी नेमले आहे का, त्याच्याकडे अर्ज कसा करायचा, कायदेशीर मदत कोण देतो, ही माहिती शाखेच्या फलकावर लावायला पैसे लागत नाहीत. परत आलेल्या माणसाला सहकारी संस्थेत, पतपेढीत, गिरणीत काम देणे हे तर आपल्याच हाती आहे.

आणि शेवटी भाषेचे. पुढल्या खेपेस कचेरीत तो पिशवीवाला गृहस्थ दिसेल, तेव्हा हसणाऱ्यांत आपण असू नये. त्याला बाकावर बसवावे, चहा पाजावा, आणि त्याच्या पिशवीतले कागद एकदा शांतपणे वाचून पाहावेत. कदाचित तो खरोखर आजारी असेल; तर त्याला डॉक्टरकडे, त्याच्या संमतीने, सोबतीने न्यावे. आणि आजारी असला तरी त्याची जमीन कोणी बळकावलेली असू शकते, हेही विसरू नये. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात, एवढे ज्याला कळले, तो कार्यकर्ता फॅसिझम पुरेसा शिकला, असे मी समजेन.